आधी आकृती की आधी घटक? श्रेणीबद्ध नक्षी मेंदू कशी वाचतो, हे आलेख कागदावर तपासण्याची रीत

पैठणीच्या पदरावर बांगडी-मोराची नक्षी विणलेली असते, तेव्हा एकाच कापडावर किमान तीन पातळ्यांची रचना असते: संपूर्ण पदराची मांडणी, त्या मांडणीतील प्रत्येक वर्तुळ आणि वर्तुळाच्या आतले मोर. आणखी जवळ गेल्यास चौथी पातळीही सापडते, कारण मोराची वाटोळी दिसणारी मान प्रत्यक्षात आडव्या-उभ्या धाग्यांच्या बारीक पायऱ्यांनी साधलेली असते. जिच्यातील मोठी आकृती लहान आकृत्यांनी बनते आणि त्या लहान आकृत्यांनाही स्वतःचा स्वतंत्र आकार असतो, अशा रचनेला श्रेणीबद्ध आकृती म्हणता येईल. तिच्याकडे पाहताना मेंदू आधी काय टिपतो, संपूर्ण की घटक, हा प्रश्न मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत जवळजवळ पन्नास वर्षे तपासला जात आहे. त्यातला गाभ्याचा प्रयोग आलेख कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच एवढ्यावर कोणत्याही शाळेत किंवा घरी करता येतो.

इस्रायली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड नेव्हॉन यांनी १९७७ साली लहान रोमन अक्षरांनी रचलेली मोठी रोमन अक्षरे लोकांना दाखवली. मोठे अक्षर ओळखण्याचा वेग अधिक होता. शिवाय लहान अक्षर ओळखायला सांगितले असता मोठ्या अक्षराचा अडथळा होत होता, उलट दिशेने मात्र तसा अडथळा जाणवत नव्हता. यावरून ‘मेंदू आधी संपूर्ण पाहतो’ असे सूत्र रूढ झाले आणि लोकप्रिय लेखनात ते बिनशर्त सांगितले जाऊ लागले. ते बिनशर्त खरे नाही. आकृतीचा आकार, घटकांची संख्या, नजर कोठे रोखलेली आहे आणि प्रकाश किती आहे, यांपैकी एक जरी गोष्ट बदलली तरी निकाल बदलतो. म्हणून पुढील रीत केवळ मूळ निकाल पुन्हा मिळवण्यासाठी दिलेली नाही. तो निकाल कोणत्या अटींवर उभा आहे आणि कोठे मोडतो, हेही वाचकाला स्वतः पाहता यावे, असा तिचा हेतू आहे.

पत्ते कसे तयार करावेत

रोमन अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरे घ्यावीत, कारण ज्या लिपीत आपण लहानपणापासून वाचतो तिचीच अक्षरे आपल्या नजरेला आपोआप कळतात आणि या प्रयोगात ओळख आपोआप होणे आवश्यक आहे. मात्र देवनागरीत एक अडचण येते. लहान अक्षरे एकमेकांना चिकटवून काढली तर त्यांच्या शिरोरेघा जुळून सलग आडवी रेघ तयार होते, आणि मग मोठे अक्षर घटकांनी बनलेले न राहता त्या रेघेनेच काढल्यासारखे दिसते. यासाठी ६ मिलिमीटरचा चौकोन धरून त्याच्या मध्यभागी ४ मिलिमीटर उंचीचे अक्षर काढावे, म्हणजे दोन अक्षरांमध्ये सर्व बाजूंनी सुमारे २ मिलिमीटर मोकळी जागा राहते. अक्षराची रुंदीही त्याच मापात ठेवावी.

‘प’ आणि ‘ट’ ही जोडी सोयीची आहे. दोन्हींना शिरोरेघ आहे, पण खालचा भाग पुरेसा वेगळा आहे, आणि सात स्तंभ व आठ ओळींच्या जाळीत दोन्ही अक्षरे नेमक्या वीस घटकांत बसतात. मोठा ‘प’ काढताना पहिल्या ओळीतील सातही चौकोन भरावेत, सहाव्या स्तंभात दुसऱ्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत उभा दंड काढावा, दुसऱ्या स्तंभात दुसरी ते चौथी ओळ भरावी आणि पाचव्या ओळीतील तिसरा, चौथा व पाचवा चौकोन भरून तो भाग दंडाला जोडावा. मोठा ‘ट’ काढताना पहिली ओळ तशीच पूर्ण भरावी. दुसऱ्या ओळीत फक्त पाचवा चौकोन, तिसऱ्या ओळीत तिसरा ते पाचवा, दुसऱ्या स्तंभात चौथी ते सातवी ओळ, आठव्या ओळीत पुन्हा तिसरा ते पाचवा, आणि शेवटी सहाव्या स्तंभातील सातवी व सहावी ओळ भरून टोक वर वळवावे. घटकांची संख्या सारखी ठेवण्याचा आग्रह उगाच नाही. एका अक्षरात वीस आणि दुसऱ्यात तीस घटक असतील, तर पाहणारा आकार न ओळखता नुसत्या दाटीवरून उत्तर देऊ शकतो.

अशा रीतीने चार प्रकारचे पत्ते तयार होतात: ‘प’नी बनलेला ‘प’, ‘ट’नी बनलेला ‘ट’, ‘ट’नी बनलेला ‘प’ आणि ‘प’नी बनलेला ‘ट’. पहिल्या दोन प्रकारांना जुळणारे आणि उरलेल्या दोन प्रकारांना विजोड म्हणू. प्रत्येक प्रकाराचा एक पत्ता नीट काढून त्याच्या सहा-सहा झेरॉक्स प्रती जाड कागदावर चिकटवाव्यात, म्हणजे २४ पत्ते होतील. झेरॉक्स काढताना आकार लहान-मोठा होऊ देऊ नये.

आता या पत्त्यांच्या दोन गड्ड्या कराव्यात. येथे पहिल्यांदा सुचणारी कल्पना, म्हणजे सगळे जुळणारे पत्ते एका गड्डीत आणि सगळे विजोड दुसरीत, चुकीची ठरते. जुळणाऱ्या गड्डीत कोणत्याही पातळीवरचे अक्षर वाचले तरी उत्तर बरोबरच येते, आणि चतुर विद्यार्थ्याच्या हे तिसऱ्या पत्त्यालाच लक्षात येते. म्हणून पहिल्या गड्डीत नऊ जुळणारे व तीन विजोड, आणि दुसऱ्या गड्डीत नऊ विजोड व तीन जुळणारे पत्ते ठेवावेत व दरवेळी पिसून घ्यावेत.

चाचणी कशी घ्यावी

पाहणाऱ्याचे डोळे पत्त्यापासून ५७ सेंटिमीटर अंतरावर असावेत. या अंतरावर १ सेंटिमीटर लांबीची वस्तू डोळ्याशी जवळपास १ अंशाचा कोन करते, त्यामुळे गणित सोपे होते: आपले मोठे अक्षर ४.८ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे ते जवळजवळ ५ अंश व्यापते. टेबलाच्या कडेवर खूण करून हनुवटी तिथेच ठेवायला सांगितले तरी पुरे. ज्याला चष्मा आहे त्याने तो लावूनच बसावे, आणि पत्त्यांवर थेट ऊन किंवा खिडकीची तिरीप येऊ देऊ नये.

मदतनिसाने एकेक पत्ता समोर धरावा, पाहणाऱ्याने अक्षर मोठ्याने उच्चारताच तो मागे टाकून पुढचा पत्ता दाखवावा, आणि बारा पत्त्यांना मिळून किती वेळ लागला हे दुसऱ्या मदतनिसाने टिपावे. प्रत्येक व्यक्तीच्या चार फेऱ्या होतील: पहिल्या गड्डीत मोठी अक्षरे वाचणे, तिच्यातच लहान अक्षरे वाचणे, आणि दुसऱ्या गड्डीत हीच दोन कामे. एका पत्त्यामागचा फरक सेकंदाच्या शतांशांत मोजण्याइतका लहान असतो. हाताने चालवलेल्या घड्याळाची चूकच त्याहून मोठी असते. म्हणून एकेका पत्त्याचा वेळ मोजण्यात अर्थ नाही. बारा पत्त्यांचा एकत्रित वेळ घ्यावा आणि निदान पंधरा-वीस जणांची सरासरी काढावी. निम्म्या लोकांना मोठ्या अक्षरांपासून व निम्म्यांना लहान अक्षरांपासून सुरुवात करायला लावावी, नाही तर सरावामुळे आलेला वेग पातळीचा परिणाम म्हणून नोंदला जाईल. चुका वेगळ्या मोजाव्यात, कारण काही जण वेळ वाचवण्याच्या नादात चुकतात आणि त्यांचे आकडे दिसायला उत्तम येतात. ज्या शाळेच्या संगणक कक्षात यंत्रे चालू स्थितीत आहेत, तिथे सायकोपाय या मोफत प्रणालीवर हीच चाचणी मिलिसेकंदापर्यंत मोजता येईल, पण सुरुवात पत्त्यांनीच करावी, असे मी सुचवीन. हाताने पत्ता काढताना दोन पातळ्यांचा संबंध जसा कळतो तसा पडद्यावर कळत नाही.

आकड्यांकडे कसे पाहावे

चार सरासऱ्या आल्यावर केवळ ‘मोठे लवकर वाचले का’ एवढेच पाहू नये. अधिक महत्त्वाची आहे ती विषमता. मोठी अक्षरे वाचण्याचा वेळ दोन्ही गड्ड्यांत जवळपास सारखा आला, पण लहान अक्षरे वाचण्याचा वेळ दुसऱ्या, म्हणजे बहुतांश विजोड पत्त्यांच्या गड्डीत वाढला, तर मोठी आकृती न मागताही मेंदूत वाचली जात होती आणि लहान अक्षराच्या उत्तराला अडवत होती, असे म्हणता येते. नुसता वेग पुरेसा नाही, कारण मोठे अक्षर मोठे आहे म्हणूनही लवकर दिसू शकते. अडथळा एकाच दिशेने होणे हे मात्र केवळ ठळकपणावरून समजावून सांगणे अवघड जाते.

त्यानंतर अटी बदलण्यास सुरुवात करावी, आणि एका वेळी एकच. सर्वप्रथम अंतर. तेच पत्ते डोळ्यांपासून २० सेंटिमीटरवर धरले, तर मोठे अक्षर सुमारे १४ अंश व्यापते. किंचला आणि वुल्फ यांनी १९७९ साली दाखवले की आकृती साधारण ६ ते ९ अंशांच्या पलीकडे गेली की क्रम उलटतो आणि घटक आधी वाचले जातात. याचे कारण आपल्या डोळ्याच्या रचनेतही आहे: दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेला, सर्वांत तीक्ष्ण दिसणारा भाग दृश्यक्षेत्रातील जेमतेम दोन अंश सांभाळतो, म्हणजे हात सरळ लांब केल्यावर अंगठा जेवढी जागा झाकतो साधारण तेवढीच. मात्र इतक्या जवळ नजर स्थिर होत नसेल, आणि चाळिशीच्या पुढे ती बहुधा होत नाही, तर अंतर तेच ठेवून पत्तेच मोठे करून घ्यावेत.

उलट दिशेने जाताना सावध राहावे. पत्ते अडीच-तीन मीटरच्या पलीकडे नेले की ४ मिलिमीटरचे अक्षर निकोप नजरेलाही स्पष्ट दिसत नाही. तेथे मोठे अक्षर जिंकते हे खरे, पण तो मेंदूचा कल नव्हे. तेथे डोळ्याची मर्यादा संपलेली असते. विज्ञान प्रदर्शनातील मांडणीत हा घोळ सर्रास होऊ शकतो, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन्ही पातळ्या सुटेपणाने वाचता येतात ना, याची खात्री करावी.

दुसरी अट नजरेची. मदतनिसाने पत्ता दरवेळी थोडा इकडे-तिकडे धरला, तर मोठ्या अक्षराचा फायदा वाढतो. पण पाहणाऱ्याला पत्ता नेमका कोठे येणार आहे हे ठाऊक असेल आणि लहान अक्षरावर नजर आधीच रोखलेली असेल, तर तो फायदा बराच ओसरतो. म्हणून पत्ता कसा धरला, हे नोंदवहीत लिहिणे आवश्यक आहे. तिसरी अट धूसरपणाची. डोळे किंचित मिटून पाहिले, की बारीक तपशील पुसले जातात आणि ढोबळ आकार उरतो. उलट, प्रयोगशाळेत चित्रातून ढोबळ छटा काढून टाकून केवळ बारीक कडा ठेवल्या, तेव्हा मोठ्या आकृतीचा फायदा घटतो असे आढळले आहे. याचा अर्थ ‘संपूर्ण आधी’ या निरीक्षणाचा बराचसा भाग ढोबळ माहिती लवकर पोहोचते, यावर अवलंबून आहे.

मेंदूत नेमके काय घडते

येथे एक खरा पेच आहे आणि तो विद्यार्थ्यांसमोर तसाच ठेवावा. दृष्टिपटलातील दहा कोटींहून अधिक प्रकाशग्राही पेशींची माहिती गोळा होऊन सुमारे दहा लाख तंतूंच्या दृष्टिचेतेतून पुढे जाते, मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधील एका केंद्रातून वळते आणि डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात पोहोचते. त्या क्षेत्राला व्ही-१ म्हणतात. तेथील एकेक पेशी दृश्याचा अगदी छोटा तुकडा पाहते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल मांजरांच्या मेंदूतील अशा पेशींची नोंद घेत होते. ठिपके दाखवूनही पेशी गप्प होती, आणि काचपट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची तिरपी सावली पडद्यावर पडताच ती पेशी जोराने बोलू लागली. या पेशींना ठिपका नव्हे, तर ठरावीक दिशेची कड हवी असते, हे त्यातून उलगडले आणि या संशोधनमालेसाठी दोघांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. व्ही-१ मधून माहिती व्ही-२ व व्ही-४ या क्षेत्रांतून कानाच्या दिशेने, मेंदूच्या खालच्या बाजूस जाते. प्रत्येक टप्प्यावर पेशींचा पाहण्याचा तुकडा मोठा होत जातो आणि त्यांना रेघांऐवजी कोपरे, वळणे आणि शेवटी चेहरे किंवा वस्तू यांच्यात रस वाटू लागतो. १९८० साली कुनिहिको फुकुशिमा यांनी याच रचनेवरून संगणकासाठी निओकॉग्निट्रॉन हे आकृत्या ओळखणारे कृत्रिम पेशींचे जाळे तयार केले, आणि आज मोबाइलमध्ये चेहरे ओळखणाऱ्या जाळ्यांचे मूळ तेथपर्यंत नेता येते.

पेच असा की, ही वाट लहानाकडून मोठ्याकडे जाते. मग आपल्या जाणिवेत मोठे आधी का येते?

याचे एक उत्तर वाहतुकीच्या वेगात आहे. दृष्टिपटलापासूनच दोन निराळ्या मार्गांनी माहिती निघते. त्यातला एक मार्ग ढोबळ, कमी तपशिलाची पण झटपट माहिती नेतो आणि दुसरा बारीक तपशील व रंग तुलनेने सावकाश नेतो. दुसरे उत्तर मला अधिक पटते. शॉल होखस्टाइन आणि मेराव्ह अहिसार यांनी २००२ साली मांडले की खालून वर जाणारी पहिली लाट फार वेगाने व आपल्या नकळत पार पडते, जाणीव मात्र वरच्या टोकाला सुरू होते आणि तपशील हवा असेल तेव्हा तेथून खाली उतरते. आपण जे ‘आधी’ पाहतो ते मेंदूने आधी केलेले काम नसते. ते केलेल्या कामापैकी आपल्या हाती आधी आलेले असते. ही पहिली लाट किती वेगवान असते याचा अंदाज सिमॉन थॉर्प यांच्या गटाने १९९६ मध्ये दिला: अनोळखी छायाचित्र केवळ २० मिलिसेकंद दाखवले, तरी त्यात प्राणी आहे की नाही यानुसार मेंदूचे विद्युत संकेत सुमारे १५० मिलिसेकंदांत वेगळे होतात. खाली उतरण्यासाठी वाटाही भरपूर आहेत. फेलमन आणि व्हॅन एसेन यांनी १९९१ साली मकाक माकडाच्या मेंदूतील ३२ दृष्टिक्षेत्रे आणि त्यांच्यातील ३०५ जोडण्या मांडल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक जोडण्या दुहेरी असल्याचे दिसले.

या दृष्टीने पत्त्यांकडे पुन्हा पाहावे. ‘लहान अक्षर वाचा’ असे सांगितले, तर जाणिवेला वरून खाली उतरावे लागते आणि वाटेत मोठे अक्षर आधीच भेटलेले असते. ‘मोठे वाचा’ म्हटल्यास उतरण्याची गरजच पडत नाही. एकाच दिशेने होणाऱ्या अडथळ्याचा उलगडा असा होतो.

डाव्या-उजव्या गोलार्धांविषयी थोडक्यात सांगतो, कारण या विषयावर अभ्यासापेक्षा शिबिरेच अधिक झाली आहेत. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलिस, रॉबर्टसन आणि एफ्रन यांच्या अभ्यासात, लहान ‘झेड’ अक्षरांनी बनलेले मोठे ‘एम’ आठवून काढायला सांगितल्यावर उजव्या गोलार्धास इजा झालेल्या रुग्णांनी ‘झेड’ काढले, पण त्यांची मांडणी विस्कटली; डाव्या गोलार्धास इजा झालेल्यांनी ‘एम’ची बाह्याकृती काढली, पण ‘झेड’ गळाले. १९९६ मध्ये फिंक आणि सहकाऱ्यांच्या मेंदूप्रतिमांनीही अशीच विभागणी सुचवली. पुढील अभ्यासांत आकृतीचा प्रकार बदलल्यावर ती तितकी स्वच्छ राहिली नाही. निरोगी मेंदूत दोन्ही गोलार्ध एकमेकांशी सतत देवाणघेवाण करतात, तेव्हा ‘उजवा मेंदू जागा करून देतो’ असे सांगून शुल्क घेणाऱ्या वर्गांना या संशोधनाचा आधार नाही.

घटकांची संख्या बदलून पाहणे

यासाठी घड्याळ लागत नाही, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतही ही चाचणी सहज घेता येते. एका कागदावर वरच्या बाजूस तीन लहान चौकोन त्रिकोणाच्या तीन टोकांवर मांडून काढावेत. त्याखाली दोन पर्याय ठेवावेत: एकात तीन लहान त्रिकोण त्याच त्रिकोणी मांडणीत, आणि दुसऱ्यात चार लहान चौकोन चौरस मांडणीत. ‘वरच्या चित्रासारखे खालचे कोणते वाटते?’ एवढाच प्रश्न विचारावा. बरोबर-चूक असे उत्तर नाही, हे मुलांना आधीच सांगावे. दुसऱ्या कागदावर हेच, पण एक, दोन, तीन, चार, पाच अशा ओळींनी रचलेल्या पंधरा चौकोनांच्या त्रिकोणाने करावे आणि पर्यायांत पंधरा त्रिकोणांचा त्रिकोण व सोळा चौकोनांचा चौरस द्यावा.

रूथ किमची आणि स्टीफन पामर यांनी १९८२ साली अशाच आकृत्यांवरून दाखवले की घटक मोजके असतात तेव्हा पाहणारा त्यांना वस्तू म्हणून धरतो, आणि ते पुष्कळ व बारीक झाले की त्यांचा पोत बनतो. मग निवड एकंदर आकाराच्या बाजूने झुकते. ज्वारीच्या कणसाकडे पाहताना दाणे मोजले जात नाहीत, तसेच हे. कागदांचा क्रम निम्म्या मुलांसाठी उलटा ठेवावा आणि पर्यायांची डावी-उजवी जागाही बदलत राहावी.

लहान मुलांची उत्तरे मोठ्यांपेक्षा वेगळी येतील. बालवाडीच्या वयात कल सुट्या घटकांकडे अधिक असतो आणि शालेय वर्षांत तो हळूहळू एकंदर आकाराकडे सरकतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. वयाइतकाच परिसराचाही परिणाम होतो: नामिबियातील हिंबा समाजातील लोकांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचा कल ठळकपणे घटकांकडे आढळला. त्यामुळे घटक निवडणारे मूल मागे पडलेले आहे, असे शिक्षकाने समजू नये, आणि पालकांनी या कागदावरून स्वमग्नतेसारखे निदान तर मुळीच काढू नये. ही चाचणी गटाची सरासरी सांगते, एका मुलाविषयी काही ठरवत नाही.

वेरूळ आणि अजिंठ्यात

कागदावरचे नियम दगडावर तपासायचे असतील, तर मराठवाड्यासारखा प्रदेश नाही. वेरूळच्या सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्याचे विमान, म्हणजे गाभारा व त्यावरचे शिखर, तळांनी (मजल्यांनी) चढत जाते आणि प्रत्येक तळाच्या कडेने लहान देवळांच्या प्रतिकृती ओळीने कोरलेल्या आहेत. म्हणजे मोठे देऊळ लहान देवळांनी बनलेले आहे. आपल्या भाषेत, हा जुळणारा पत्ता आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी, आठव्या शतकाशी, हे काम जोडले जाते. विमान सुमारे ३० मीटर उंच आहे. त्यापासून वीस मीटरवर उभे राहिल्यास ते डोळ्यांपुढे पन्नास अंशांहून अधिक जागा व्यापते, आणि ९ अंशांत बसवायचे तर जवळजवळ १९० मीटर मागे जावे लागेल. कड्यात खोदलेल्या प्रांगणात तेवढी जागाच नाही. त्यामुळे आत गेलेला माणूस हत्ती, स्तंभ, एखादी मूर्ती असे तुकडे पाहत फिरतो. याला त्याचे लक्ष नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. कोनाचे गणितच तसे आहे.

ज्यांनी हे लेणे आधी पाहिलेले नाही, अशा सोबत्यांचे दोन गट करावेत. एका गटाने प्रांगणात उभे राहून पहिल्या दहा सेकंदांत काय दिसले ते न बोलता लिहून काढावे. दुसऱ्या गटाला आत जाण्यापूर्वीच, संपूर्ण विमान दाखवणारे छायाचित्र मोबाइलवर ५ सेंटिमीटर उंचीचे करून, ५७ सेंटिमीटरवरून तेवढाच वेळ दाखवावे. किती नोंदी संपूर्णाविषयी आहेत आणि किती घटकांविषयी, हे शिक्षकाने नंतर मोजावे; मोजणाऱ्याला कोणता कागद कोणत्या गटाचा हे ठाऊक नसेल तर उत्तम. लेण्याच्या वरच्या कड्यावरून पाहिल्यास तिसरी स्थिती मिळते, पण तेथे मुलांना कठड्यापासून दूर ठेवण्यातच शिक्षकाचे निम्मे लक्ष जाईल.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचे छत निराळ्या कारणासाठी उपयोगी आहे. ते चौकटींत विभागलेले असून प्रत्येक चौकटीत फुले, फळे, प्राणी अशी स्वतंत्र चित्रे आहेत. आत शिरल्यावर पहिली काही मिनिटे नजर अंधाराला सरावलेली नसते, तेव्हा चौकटींची जाळीच काय ती कळते. बारीक तपशील टिपणाऱ्या शंकुपेशींना पुरेसा प्रकाश लागतो आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी तपशिलात कमी पडतात. प्रवेश करताच एकदा आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा, छताच्या त्याच भागाचे ढोबळ रेखाटन करावे आणि दोन्ही रेखाटनांत चौकटींच्या आत काय-काय आले याची तुलना करावी. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि तो वापरल्यास हा प्रयोगही बिघडेल. दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत घ्यायची असतील, तर वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे धरून दिवस ठरवावा. रेखाटनासाठी कोऱ्या कागदांऐवजी पत्त्यांसाठी वापरलेलाच आलेख कागद न्यावा, म्हणजे चौकटी आणि चित्रे यांची मापे परत आल्यावर मोजता येतील.